लेकीच्या फाईलमधली चुकलेली पानं

पालमहून आम्ही गटातल्या बाया बोलतोय. हातातलं काम चालू राहू द्या, शेंगा फोडत फोडत ऐकलं तरी चालेल.

आमच्या गटातल्या एका बाईची लेक संभाजीनगरला डिझाईन शिकते. दिवाळीला ती घरी आली ती एक मोठी काळी फाईल घेऊन. आल्यापासून पोरीचं एकच चाललेलं, फाईलमधली पानं काढायची, मागंपुढं करायची, पुन्हा लावायची. आई वैतागून गेली. कापूस वेचायला माणूस मिळेना आणि ही चित्रं लावत बसलीय. बैठकीत ती आमच्यापुढं बोललीच, "चित्रं काढून पोट भरतंय का कुणाचं? लग्नाचं वय निघून चाललंय."

आम्ही म्हणालो, आधी फाईल तर बघू. पोरीला बोलावलं. त्या दिवशी जे समजलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण अशी एखादी लेक तुमच्याही वस्तीवर असेल.

त्या फाईलला पोर्टफोलिओ म्हणतात. गवंडी नवं काम मागायला जातो तेव्हा आधी बांधलेली दोन-चार घरं दाखवतो ना, तसंच हे. शिकताना केलेल्या कामातलं निवडक काम एका ठिकाणी लावायचं. पुढच्या शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीला गेलं की गुणपत्रिकेच्या बरोबरीनं, कधीकधी तिच्याही आधी, हीच फाईल बघतात.

आईच्या प्रश्नाला पोरीनं तोंडी उत्तर दिलं नाही. "बटव्यात दहाचं नाणं असंल तर काढ," म्हणाली. नाण्यावर दहाच्या आकड्याबरोबर ती रुपयाची खूण आहे बघा, ₹. आपलाच र, वर शिरोरेषा, खाली आणखी एक आडवी रेघ. ही खूण काही जुन्या काळापासून चालत आलेली नाही. केंद्र सरकारनं २००९ मध्ये त्यासाठी स्पर्धा ठेवली, देशभरातून तीन हजारांवर नमुने आले, त्यातले पाच शेवटच्या फेरीत पोचले आणि १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळानं एक पक्का केला. तो काढणारे डी. उदय कुमार तेव्हा मुंबईच्या आयआयटीत डिझाईन विषयात पीएच.डी. करत होते. म्हणजे विद्यार्थीच. अडीच लाखांचं बक्षीस मिळालं. २०११ पासून ती खूण नाण्यांवर यायला लागली.

आमच्यातली एक मावशी बाजारात भाजी विकते. ती लगेच म्हणाली, "मग त्याच्यापायीच आमचे दहाचे नाणे कुणी घेत नव्हते का?" खरंच की. एका नाण्यावर खूण होती, दुसऱ्यावर नव्हती, रेघांची संख्या वेगळी, म्हणून एक नकली अशी अफवा उठली होती. शेवटी रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि सगळे चालतात. नमुना बदलला पण वापरणाऱ्याला कुणी नीट सांगितलं नाही, की त्याचा फटका भाजीवालीला बसतो. पोरीनं हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मावशीला त्याचं फार अप्रूप.

तर फाईलमध्ये तीन तऱ्हेचं काम होतं.

पहिलं इलस्ट्रेशन. सांगायची गोष्ट चित्रातून सांगायची. शाळेच्या पुस्तकात धड्याशेजारी असतं ते, अंगणवाडीच्या भिंतीवर असतं ते. पोरीनं सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं अन्न द्यायचं, त्याचं चित्र काढलं होतं. सुंदर होतं. वाटीत काहीतरी हिरवं, बाजूला चमचा. गटातल्या आजीनं विचारलं, "ही पाण्यातली शेवाळ कशाला चारायली?" पोरगी हसली, मग गप्प झाली. दुसऱ्या चित्रात वरणात कुस्करलेली भाकरी आली, वर तूप, आणि भरवणारी आजीच आली, कारण आई तर रानात असते. ते चित्र बघून कुणाला काही विचारावं लागलं नाही.

दुसरं ब्रँडिंग. म्हणजे मालाची ओळख. इथं आमचीच फजिती सांगतो. आम्ही जवसाची आणि कारळाची चटणी करतो. पहिलं लेबल एका छपाईच्या दुकानातून करून घेतलं. नथ घातलेली बाई, लाल रंगावर सोनेरी अक्षरं. आम्हाला लई आवडलं. प्रदर्शनात गेलो तर आणखी तीन गटांच्या पाकिटावर तीच बाई! एक गिऱ्हाईक म्हणालं, मागच्या खेपेला चटणी छान होती, पण तुमची कोणती ते ओळखूच आलं नाही. सोनेरी अक्षरं चार हातांवरून दिसतच नव्हती. दुकानाला काय बोलणार, आम्हीच काही सांगितलं नव्हतं.

पोरीनं लिज्जत पापडाचं उदाहरण दिलं. मुंबईत गिरगावात सात बायांनी १५ मार्च १९५९ ला ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. 'लिज्जत' हे नाव मात्र १९६२ मध्ये ठरलं. त्यासाठी स्पर्धा ठेवली होती, बक्षीस पाच रुपये. म्हणजे माल आधी चांगला झाला, नाव मागून आलं. आमच्यापैकी काहीजणी आधी नाव आणि लेबल यावरच महिनाभर भांडल्या होत्या, त्या जरा वरमल्या.

लेबलावर शोभेपेक्षा कामाच्या गोष्टी जास्त हेही तेव्हाच ध्यानात आलं. पदार्थाचं नाव, आत काय काय घातलंय, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, किंमत, आपला पत्ता, अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक आणि शाकाहाराची खूण. त्या खुणेत एक गंमत आहे. आधी शाकाहाराला हिरवा ठिपका आणि मांसाहाराला तपकिरी ठिपका होता. पण काही माणसांना हिरवा आणि तपकिरी रंग वेगळा ओळखता येत नाही. म्हणून नव्या नियमात मांसाहाराच्या चौकोनात ठिपक्याऐवजी त्रिकोण आला. रंग कळला नाही तरी आकार कळतो.

आणि तिसरं काम म्हणजे यूजर एक्सपीरियन्स. नाव अवघड आहे, गोष्ट साधी आहे. वस्तू वापरणाऱ्याला ती वापरताना कळते का, अडतं कुठं, लाज कुठं वाटते, हे बघायचं. मतदान यंत्र आठवा. नाव वाचता आलं नाही तरी शेजारी चिन्ह असतं, निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि लांब आवाज येतो, म्हणजे मत पडलं. कुणाला विचारायची गरज पडत नाही.

पोरीनं आमच्या गटाच्या बचतीसाठी मोबाईलवरचा हिशोब आखला होता. कागदावरच, पण अगदी मोबाईलच्या मापाचे तुकडे कापून. आमच्या हातात दिले आणि म्हणाली, बोट लावून दाखवा, बचत कुठं भरणार? बचतीच्या जागी डुकराचं चित्र होतं. एकजण म्हणाली, "डुक्कर कशाला बाई, रानात नासधूस करतंय तेच का?" शहरात डुकराच्या आकाराचा गल्ला असतो म्हणे. आमच्याकडं मातीचा गल्ला. थकलेलं कर्ज लाल रंगात दाखवलं होतं. दोघी-तिघींना वाटलं लाल म्हणजे कुंकवाचा रंग, काहीतरी चांगलंच झालं असणार! आणि सगळ्यात मोठी अडचण तर तिला माहीतच नव्हती. मोबाईल बहुतेकींच्या नवऱ्याच्या किंवा पोराच्या हातात असतो. बाईनं किती साठवलं ते उघडल्या उघडल्या मोठ्या आकड्यात दिसलं, तर संध्याकाळी घरात ते कुणीतरी मागणार. हे आम्ही सांगितलं तेव्हा तिनं खोडरबर घेतलं नाही. पान तसंच ठेवलं, शेजारी नवं जोडलं. नव्या पानावर रक्कम झाकलेली आहे, बोट दाबून धरलं तरच दिसते.

आम्ही म्हणालो, चुकलेली पानं काढून टाक गं, सर काय म्हणतील. ती म्हणाली, सर आधी तीच बघतात. काय चुकलं, कुणी सांगितलं, मग काय बदललं, हे दिसलं नाही तर नुसत्या सुंदर चित्रांना तिथं कुणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही तिला स्पष्ट सांगितली. तिनं आमचे फोटो फाईलला लावले होते, एकीच्या पासबुकाचं पानही दिसत होतं. ते काढायला लावलं. फोटो विचारून लावायचा आणि ज्यांनी सांगितलं त्या गटाचं नाव पानावर लिहायचं. तुमच्याकडं असं कुणी शिकायला आलं, तर हे मागायला लाजू नका.

ज्यांच्या मुली चित्रं काढतात त्यांच्यासाठी थोडं. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्यायला लावा. आयआयटीच्या डिझाईन पदवीसाठी यूसीड नावाची परीक्षा असते, ती बारावीच्या कला शाखेच्या मुलीलाही देता येते, सायन्सच पाहिजे असं नाही. घराचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल तर २०२४-२५ पासून राज्यात ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. मुलगी घेणार तो अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेशाआधी विचारा. खासगी ठिकाणची फी ऐकून छातीत धडकी भरते, म्हणून आधी सरकारी संस्था बघा. आणि जुन्या वह्या रद्दीत घालू नका. आमच्या या पोरीची सातवीतली रांगोळीची वही आईनं चुलीला लावली होती, त्याची हळहळ आता दोघींनाही आहे.

लग्नाचा विषय अजून मिटलेला नाही, ते आम्ही झाकून ठेवत नाही. पण आईनं निदान शेवटच्या वर्षापर्यंत थांबायचं कबूल केलंय. जाताना फाईल पावसात भिजू नये म्हणून तिनंच खताच्या रिकाम्या पिशवीचं कव्हर शिवून दिलं.

आमच्या लेबलाचा तिसरा नमुना परवा छापून आला. 'जवस' आता रस्त्यापलीकडून वाचता येतं. पण पाकिटाचं तोंड दुमडून पिन मारली की तारीख नेमकी घडीत जाते. लेकीला फोन करून सांगितलंय, चौथा नमुना पाठव.