व्हॅलेन्सियात जेवावे कोठे?

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सिया हे मोठे बंदर. शेजारच्या कास्तेयोन प्रांतात टाइल्सचे कारखाने आहेत. तेथे मालाच्या खरेदीसाठी जाणाऱ्या व्यापाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो जेवणाचा. हलाल मिळेल की नाही, या धास्तीने खोलीत बसून घरच्या चिवड्यावर दिवस काढणे हा आमच्या मते तोट्याचा सौदा आहे. थोडी माहिती असली की येथे परहेज सांभाळून उत्तम जेवता येते.

सुरुवात मेर्कादो सेंट्राल या मंडईपासून करावी. १९२८ साली खुली झालेली ही मंडई सोमवार ते शनिवार सकाळी साडेसात ते दुपारी तीनपर्यंत चालते. फळे, मासळी, सुकामेवा, सारे एका छताखाली. सकाळी दहाच्या सुमारास स्थानिक लोक आसपासच्या उपाहारगृहांत लांब पावात बटाटा-अंड्याचे जाड ऑम्लेट घालून खातात. त्याला तोर्तिया म्हणतात.

मंडईसमोरच रेशीम व्यापाऱ्यांची जुनी पेढी, ला लोन्हा आहे. पंधराव्या शतकातील ही इमारत १९९६ पासून जागतिक वारशात आहे. तिच्या दालनातील लॅटिन लेखाचा आशय असा की, जो जिभेने फसवत नाही, दिलेला शब्द पाळतो आणि व्याजाने पैसा लावत नाही त्याचाच व्यापार चांगला. आपल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल!

पाएया हा भाताचा प्रकार दुपारीच खावा; स्थानिक लोक तो दोन ते चारच्या दरम्यान खातात. तांदूळ आणि पाटाची शेती या भागात रुजली ती अरबांच्या काळात. स्पॅनिशमधील तांदळाचा शब्द ‘आर्रोस’ हाही अरबीतूनच आला. मूळ पाएयात कोंबडी व ससा असतो. म्हणून मासळीचा किंवा भाजीचा पाएया मागवावा आणि रस्सा कशाचा आहे ते विचारावे. ‘सिन सेर्दो’ म्हणजे डुकराचे मांस नको, ‘सिन विनो’ म्हणजे दारू नको. तळाची खरपुडी सोडू नये. तेथील लोक तिच्यासाठीच भांडतात.

संध्याकाळी ओर्चाता प्यावी. चुफा नावाचे छोटे कंद वाटून त्यात पाणी व साखर घालून ती करतात. दूध नाही, दारू नाही. फार्तोन हा गोड लांब पाव तिच्यात बुडवून खातात. चुफाच्या शेतीचे गाव अल्बोराया शहराला लागूनच असून मेट्रोने जाता येते.

शेवटची सूचना व्यवहाराची. जेवण संपल्यावर तासभर गप्पा मारत बसण्याची येथे रीत आहे. तिला सोब्रेमेसा म्हणतात. यजमानाबरोबर जेवायला गेल्यास घड्याळ पाहून लगेच उठू नये. भावाची बोलणी उद्या कार्यालयात होतील. माणसाची पारख आज टेबलावर होत असते.