घाटावरचा धावपटू घाटाखाली आणताना

शेतघराचं बांधकाम संपलं, कुंपण पडलं, की नेरळ-कर्जत पट्ट्यात पुढचा विचार येतो तो राखणीच्या कुत्र्याचा. मग कुणी लातूर-सोलापूरकडचा कारवान सुचवतं, कुणी मुधोळ, आणि हौस मोठी असेल तर थेट ग्रेहाउंड. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, टोकदार तोंड. असं जनावर फाटकात उभं राहिलं तर रुबाब दिसतो, यात वाद नाही. पण ग्रेहाउंड राखणीला जवळजवळ निरुपयोगी. कारवान किंवा मुधोळ अनोळखी माणसाला सहज जवळ येऊ देत नाही हे खरं. मात्र आठवडाभर साखळीला बांधून ठेवावं, अशी त्याचीही घडण नाही.

हे सारे नजरेनं शिकार हेरणारे आणि पाठलाग करून पकडणारे कुत्रे. मध्य आशियातून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर कारवान-मुधोळचे पूर्वज दख्खनमध्ये आले असं मानतात. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी पाचव्या जॉर्जला मुधोळ कुत्र्यांची जोडी भेट दिली होती, आणि २००५ मध्ये टपाल खात्यानं मुधोळवर तिकीटही काढलं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. म्हणजे हा कोरड्या माळरानाचा, उघड्या शिवाराचा कुत्रा. नेरळ आहे माथेरानच्या पायथ्याशी, जिथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो.

या जातींमध्ये विज्ञानानं सर्वांत बारकाईनं तपासलेला कुत्रा म्हणजे ग्रेहाउंड. तो ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. प्रत्येक झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात: एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, एकदा पुढे-मागे ताणलेले असताना. शरीराच्या मानानं हृदय मोठं, स्नायू भरपूर, चरबी नावापुरती. रक्तही वेगळं. इतर कुत्र्यांत तांबड्या पेशींचं प्रमाण साधारण ३७ ते ५५ टक्के असतं, ग्रेहाउंडमध्ये ते ५० ते ६५ पर्यंत जातं. उलट प्लेटलेट मात्र कमी. इतर कुत्र्यांत त्या दोन लाखांच्या वर असाव्यात अशी अपेक्षा असते. निरोगी ग्रेहाउंडमध्ये दीड लाख किंवा त्याहूनही कमी भरतात.

नेरळमध्ये हा आकडा फार महत्त्वाचा ठरतो. इथे गोचिडांना तोटा नाही, आणि गोचिडांतून पसरणाऱ्या एर्लिकिया या जिवाणूच्या संसर्गाची पहिली खूणच प्लेटलेट घटणं ही. त्यामुळे या जातीची सवय नसलेला डॉक्टर धडधाकट ग्रेहाउंडला आजारी ठरवू शकतो. उलटही घडू शकतं: ‘याच्या कमीच असतात’ म्हणत खरा आजार निसटतो. उपाय साधा आहे. कुत्रा ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून अहवाल जपून ठेवावा आणि पुढचे आकडे त्याच्याशीच ताडून पाहावेत. कारवान-मुधोळवर एवढं संशोधन झालेलं नाही, म्हणून त्यांच्याबाबतीत तर हा अहवाल जास्तच मोलाचा.

दुसरी गोष्ट भुलीची. थायोपेंटल हे जुनं भुलीचं औषध मोडून बाहेर टाकायला ग्रेहाउंडचं यकृत फार वेळ घेतं; चरबी कमी असल्यानं औषध साठायला जागाही नसते. कुत्रा तासन् तास शुद्धीवर येत नाही. नसबंदी असो की जखमेचे टाके, आधी जात सांगा आणि कोणतं औषध देणार ते विचारा. यात भिडस्तपणा नको.

आता ऋतू. अंगावर एकेरी, आखूड केस, खाली चरबी नाही. भिजला की कुडकुडतो. पावसाळ्यात कोरडी जागा आणि जाड गादी लागतेच, कारण लादीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, ते फुटून जखमा होतात. आणि झोपतो तो भरपूर! धावपटू म्हटल्यावर दिवसभर उंडारेल अशी समजूत असते; प्रत्यक्षात मिनिटभर सुसाट पळून उरलेला दिवस लोळण्यात घालवणारा प्राणी आहे हा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो तेव्हा ते मिनिटही धोक्याचं. शर्यतीनंतर ग्रेहाउंडच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या घरात जातं, आणि दमट हवेत धापा टाकून ते लवकर उतरत नाही. पळवायचं ते उजाडताना. जेवण आणि पळणं यांत अंतर हवं. खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडण्याची भीती असते.

पळवायचं कुठे? काटेरी तारेच्या कुंपणात तर नाहीच. त्या वेगात तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि याची कातडी कागदासारखी फाटते. भात कापलेल्या शिवारात बांध आणि भेगा पाय मोडतात. मोकळा सोडला आणि ससा उठला, तर हाकेला फिरेल ही आशा सोडा. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कुत्रे लावून पाठलाग करणं हीसुद्धा शिकारच आहे. साधा पट्टा मानेवरून सहज निसटतो, कारण डोकं मानेपेक्षा अरुंद. ओढताच आवळणारा रुंद पट्टा घ्यावा. रात्री कुत्रा घरात घ्यावा. डोंगरात बिबट्या आहे.

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर मालक दोषी ठरतो. तेव्हा शनिवार-रविवारीच नेरळला उतरणाऱ्यांनी या कुत्र्याच्या वाटेला जाऊ नये. राखणच हवी असेल तर गावातलं एखादं पिल्लू लस टोचून नीट सांभाळा. त्याच्या कित्येक पिढ्या याच पावसात वाढल्या आहेत.