‘म्हणे’ आणि बाजारभाव

ऐकीव माहिती सांगताना मराठी वक्ता ‘म्हणे’ या अव्ययाचा आश्रय घेतो. ‘कोंबड्यांना रोग आला म्हणे’ या वाक्यात तो विधान पुढे पोहोचवितो, परंतु त्याच्या सत्यतेचे उत्तरदायित्व स्वीकारीत नाही. परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या गावी बाजारातील बरीचशी बोलणी या अव्ययावरच चालतात.

असे बोलणे वृत्तपत्रात आले म्हणजे ‘म्हणे’च्या जागी ‘समजते’, ‘चर्चा आहे’ असे प्रयोग येतात. ऐकीवपणाची खूण येथेही असते. पण छापील अक्षराच्या प्रतिष्ठेपुढे ती फिकी पडते. तिसरी अवस्था भावाची होय. भाव हा केवळ आकडा. त्याला ‘म्हणे’ जोडता येत नाही.

२०२० च्या आरंभी कोंबडीच्या मांसातून करोनाचा संसर्ग होतो, अशी आवई उठली. तिला आधार नसल्याचे शासनाने जाहीर केले, तरी महाराष्ट्रात कोंबडीचे दर कोसळले. खंडनालाही मूळ विधानाचा उच्चार करावाच लागतो. ‘कोंबडीमुळे करोना होत नाही’ या वाक्यातही ते दोन शब्द शेजारीच राहतात. पुढे जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातीलच मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि तपासणीअंती बर्ड फ्लूचे निदान झाले. ही वार्ता खरी होती. दर याही वेळी उतरले. पहिली वार्ता खोटी व दुसरी खरी, हा भेद भावाच्या आकड्यात कोठेही उमटला नाही.

भांडवल बाजारात हा प्रश्न नियमाचा विषय झाला आहे. प्रमुख प्रसारमाध्यमांत आलेल्या अफवेमुळे समभागाच्या किमतीत लक्षणीय चढउतार झाल्यास कंपनीने २४ तासांत तिला दुजोरा द्यावा, ती नाकारावी अथवा खुलासा करावा, असे बंधन ‘सेबी’ने १ जून २०२४ पासून सर्वांत मोठ्या १०० व १ डिसेंबर २०२४ पासून २५० सूचिबद्ध कंपन्यांवर घातले. म्हणजे गळालेला ‘म्हणे’ पुन्हा जोडण्याचा, वा तो अनावश्यक ठरविण्याचा, हा कायदेशीर उपाय होय. मात्र केवळ बोलण्यात राहिलेली अफवा या नियमाच्या कक्षेबाहेरच राहते.

पालमच्या कुक्कुटपालकास असे संरक्षण नाही. त्याच्या मालाविषयीच्या बोलण्याचा खुलासा २४ तासांत करण्यास कोणीही बांधलेला नसतो, आणि विक्रीयोग्य झालेला पक्षी खुलाशाची वाट पाहत दाणा खाणे थांबवीत नाही. वक्त्याने न घेतलेले उत्तरदायित्व अखेर विक्रेत्याला रोख चुकवावे लागते.