शेतीच्या चित्रफितीत कॅमेरा कोठे धरावा?

शेतीतील सुधारणा सांगून पटते त्यापेक्षा पाहून अधिक पटते, हा विस्तारकार्याचा जुना अनुभव आहे. पूर्वी त्यासाठी गावोगावी प्रचारगाड्या जात. पुढे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले व ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमाने प्रगत शेती पडद्यावर आणली. आज मोबाइलमुळे सरावली, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील शेतकरीही आपले प्रात्यक्षिक चित्रित करून व्हॉट्सॲपवर वा यूट्यूबवर पाठवू शकतो. मात्र पाहणारा जे पाहतो त्याचेच अनुकरण करतो. चित्रण चुकीच्या जागेवरून झाले तर चूकही शेतोशेती पसरते.

करणाऱ्याच्या खांद्यामागून पाहावे

चारसूत्री भातलागवडीचे उदाहरण घेऊ. या पद्धतीत चुडांमध्ये एकाआड एक १५ व २५ सें. मी. अंतर ठेवून नियंत्रित लावणी करतात. नंतर १५ सें. मी. अंतरावरील चार चुडांच्या चौकोनाच्या मध्यभागी युरिया-डीएपी ब्रिकेट ७ ते १० सें. मी. खोल खोचतात. हे काम बांधावर उभे राहून समोरून चित्रित केले, तर पाहणाऱ्यास केवळ वाकलेली पाठ दिसते. ब्रिकेट किती खोल गेली हे त्यास कळत नाही. ती वरच राहिली तर नत्राचा काही भाग वाया जातो आणि दोष मात्र पद्धतीला लागतो.

म्हणून कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यामागे, किंचित वरून हाताकडे रोखलेला असावा. समोरून पाहताना उजवे ते डावे होते. खांद्यामागून पाहताना शिकणाऱ्यास ते स्वतःचेच हात वाटतात. खोली दाखविण्यासाठी काडीवर ७ व १० सें. मी. च्या खुणा करून ती प्रथम कॅमेऱ्यासमोर धरावी. लावणीचे अंतर दाखविताना कॅमेरा सरळ वरून धरावा.

तुलना प्रामाणिक असावी

खालून चित्रित केलेले रोप उंच व जोमदार दिसते. वरून तेच रोप खुजे भासते. सुधारित व जुन्या पद्धतीचे वाफे दाखविताना कॅमेऱ्याची उंची, अंतर व वेळ एकच ठेवावी आणि दोन्ही ठिकाणी मोजपट्टी उभी करावी. असे न केल्यास फरक पिकाचा की कोनाचा, हे ठरविता येत नाही.

प्रथम सर्व शेत, नंतर काम करणारी व्यक्ती, शेवटी हात, अशा क्रमाने चित्रण करावे. प्रत्येक दृश्य मनात दहा अंक मोजेपर्यंत स्थिर ठेवावे. यूट्यूबच्या विस्तृत चित्रफितीसाठी मोबाइल आडवा, तर केवळ मोबाइलवर पाहावयाच्या छोट्या चित्रफितीसाठी उभा धरावा. मध्येच बदलू नये.

प्रकाश व आवाज

ऊन चित्रण करणाऱ्याच्या पाठीशी असावे. मात्र त्याची सावली कामावर पडू देऊ नये. शक्यतो सकाळची वेळ साधावी. किनाऱ्याकडील वारा ध्वनिग्राहकावर आदळून शब्द गिळतो. त्यामुळे बोलणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून मोबाइलपासून हातभर अंतरावर उभे राहावे, अथवा निवेदन नंतर घरात ध्वनिमुद्रित करावे.

कॅमेऱ्यासमोरील सवयी

बोलताना पडद्यावरील स्वतःच्या प्रतिमेकडे न पाहता कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहावे. रोप अंगाने झाकू नये. आरंभीच गाव, तारीख व पिकाची जात सांगावी. वर्षभराने पाहणाऱ्यासही मग हंगामाचा बोध होतो. पुढच्या कॅमेऱ्याने काही मोबाइलमध्ये अक्षरे उलटी उमटतात. यास्तव डब्यावरील मजकूर मागील कॅमेऱ्याने दाखवावा.

फवारणीचे चित्रण करताना विशेष दक्षता हवी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. हातमोजे व तोंडावरील आच्छादन न घालता केलेली फवारणी क्षणभरही दाखवू नये. तोंडाने कितीही सावध केले तरी पाहणाऱ्याच्या मनावर उघडा हातच ठसतो. चित्रण करणाऱ्यानेही फवाऱ्याच्या दिशेस उभे राहू नये.

पाठविण्यापूर्वी

ग्रामकार्यकर्त्यांनी तयार चित्रफीत ते काम पूर्वी न केलेल्या शेतकऱ्यास आवाज बंद करून दाखवावी व काय, किती आणि कोठे केले हे त्यास विचारावे. त्याला सांगता आले तरच ती पाठवावी; अन्यथा अडलेल्या ठिकाणचे चित्रण पुन्हा करावे. एक दिवस अधिक गेला तरी चालेल, परंतु चुकीचा धडा एकदा गावोगाव गेला की तो परत आणता येत नाही.