अस्थिवैद्यकाची पूर्वतयारी

जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाला लागून असलेल्या वारूळवाडीच्या परिसरांत टोमॅटोच्या झाडांना बांबू व सुतळीचा आधार देतात. वांकडें झाड खुंटाला बांधल्याचें असेंच एक चित्र निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याच्या 1741 सालच्या ग्रंथांत आहे. ‘ऑर्थोपेडिक्स’ या नांवाचा उगमहि तोच. ज्या दोन ग्रीक शब्दांवरून तें घडलें, त्यांतील एकाचा अर्थ सरळ, दुसऱ्याचा मूल. सुतळी सैल राहिली तर झाड पडतें, करकचली तर देंठच कापला जातो. या विद्येचें अर्धें मर्म यांतच आहे.

या शाखेकडे वळूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढें प्रथम उभी राहते ती परीक्षा. साडेचार वर्षें एम्. बी. बी. एस्., एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट-पीजी आणि पुढें तीन वर्षांचें एम्. एस्. नीट-पीजीचे प्रश्न सर्व विषयांतून येतात. तेव्हां केवळ हाडांचें पुस्तक उशाशीं घेऊन भागत नाहीं. परंतु अचूक पर्यायावर खूण करणें निराळें आणि बांधलेला हात पाहतां येणें निराळें.

समजा, आंब्यावरून पडून सहासात वर्षांच्या मुलाचें दंडाचें हाड कोपराच्या वर मोडलें. हाडवैद्यानें कामट्या लावून हात आवळला. आंत सूज वाढते, रक्ताचा पुरवठा तुटतो आणि सुमारें सहा तासांत स्नायू मरूं लागतात. पुढें मनगट वांकतें, बोटें आखडतात. ही विकृति जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यानें 1881 सालीं वर्णिली. एकट्या हाडवैद्याला बोल लावून सुटतां येत नाहीं. रुग्णालयांतील प्लास्टरहि घट्ट बसलें तर हेंच करतें. बोट सरळ करूं जातां मूल किंचाळतें, औषधानेंहि कळ थांबत नाहीं, ही पहिली खूण. मनगटाची नाडी लागते एवढ्यावरून निर्धास्त राहणें घातक. बंधन तत्काळ उकलून वरिष्ठांस बोलवावें. तेवढ्यानें न भागल्यास स्नायूंवरील आवरण शस्त्रानें मोकळें करावें लागतें. वारूळवाडीहून पुण्याचें ससून रुग्णालय सुमारें पाऊणशें किलोमीटर. सहांतले दोन तास वाटेंतच जातात.

इंटर्नशिपमध्यें या विभागाला अवघा पंधरवडा मिळतो. तो फॉर्म भरण्यांत न घालवितां प्लास्टरच्या खोलींत घालवावा. प्लास्टरपूर्वीं व नंतर बोटांचा रंग, ऊब, स्पर्श व हालचाल पाहून टिपून ठेवावी. घरीं निघालेल्या आईला ‘कळ वाढली तर मध्यरात्रींहि परत या’ हें कागदावर लिहून तर द्यावेंच, पण तोंडींहि, तिच्या बोलींत, सांगावें. आणि तिला तें कळलें कीं नाहीं, हें तिच्याकडूनच वदवून घ्यावें.