लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना : व्यापारी बांधवांसाठी तजुर्ब्याच्या चार गोष्टी

जांब समर्थ (ता. घनसावंगी, जि. जालना) येथे आमचे कापडाचे दुकान आहे. साड्या, ड्रेस मटेरियल, शर्टिंग-सुटिंग, टॉवेल-चादरी असा माल. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी, म्हणजे उधारी आलीच. कापूस-सोयाबीन विकले गेले की पैसे येतात. ही उधारी पूर्वी लाल वहीत असे, आता लॅपटॉपमध्ये असते.

मागच्या लग्नसराईत लॅपटॉपने 'जागा शिल्लक नाही' म्हणायला सुरुवात केली. आतली डिस्क ५०० जीबीची होती. आम्ही घाईघाईने १ टीबीची मोठी डिस्क मागवली. ती आली, मागचे झाकण उघडले, तर डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड आणि आतला खण सात मिलिमीटरचा! अडीच मिलिमीटरने काम अडले. ती परत करून दुसरी येईपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात जुनी डिस्क टक-टक आवाज करू लागली आणि तिसऱ्या दिवशी बंद पडली. आमच्याकडे हिशेबाची जी नक्कल होती ती अकरा दिवसांपूर्वीची.

अकरा दिवसांची उधारी गेली, तीही ऐन लग्नसराईतली. काही कच्च्या बिलांवरून जुळली. बाकीसाठी लोकांनाच विचारावे लागले. बहुतेकांनी इमानाने सांगितले; एक म्हातारे गृहस्थ तर स्वतः दुकानात येऊन आपली बाकी लिहवून गेले. पण दोन-तीन घरांचा आकडा आमच्या मनात एक आणि त्यांच्या मनात एक असा राहिला. खरे-खोटे कोण ठरवणार? पैशापेक्षा तो संशय जड जातो. आपल्यातल्या इतर बांधवांवर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

आधी पाहा, जागा खाल्ली कशाने

मोठी डिस्क घेण्यापूर्वी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज' उघडून पाहावे. आमच्याकडे सगळ्या वर्षांचा हिशेब मिळून एक जीबीसुद्धा भरत नव्हता. जागा खाल्ली होती ती सुरतेच्या व्यापाऱ्यांनी पाठवलेल्या साड्यांच्या फोटोंनी, व्हिडिओंनी आणि घरच्या लग्नांच्या चित्रीकरणाने. एकेक फोटो तीन-तीन ठिकाणी साठलेला. अशी अडगळ काढल्यावर निम्मी जागा मोकळी होत असेल, तर नवीन डिस्कचा खर्च वाचतो. मात्र डिस्क जुनी असेल तर नुसत्या जागेवर समाधान मानू नये. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कची तब्येत दाखवतो. त्याने इशारा दिला, किंवा डिस्क आवाज करू लागली, तर त्याच दिवशी हिशेबाची नक्कल काढावी, बाकीची कामे नंतर.

माप घेतल्याशिवाय कापड फाडू नये

आपल्या धंद्यातला हा पहिला नियम इथेही लागू आहे. जीबी-टीबीचा आकडा नंतर, आधी खण आणि जोडणी.

जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क असते आणि तिच्या जोडणीला साटा म्हणतात. जाडी सात किंवा साडेनऊ मिलिमीटर. काही फार जुन्यांत साडेबारा. पातळ डिस्क जाड खणात पट्टी लावून बसवता येते, जाड डिस्क पातळ खणात बसत नाही. चार-पाच टीबीच्या अडीच इंची डिस्क पंधरा मिलिमीटर जाड असतात. त्या लॅपटॉपसाठी नाहीतच.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये एम-टू नावाची पट्टीसारखी डिस्क असते. तिची लांबी बहुधा ८० मिलिमीटर, काही लॅपटॉपमध्ये ४२ किंवा ३०. इथे खरा धोका वेगळाच आहे. एम-टू पट्टी साटा पद्धतीची असते, तशीच एनव्हीएमई पद्धतीची. दिसायला दोन्ही बहिणी-बहिणी, पण खण फक्त साटाचा असेल तर एनव्हीएमई त्यात चालत नाही. म्हणून लॅपटॉपचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीची माहितीपत्रिका पाहावी, किंवा जुनी डिस्क काढून तिच्यावरच्या लेबलाचा फोटो घेऊन दुकानात जावे. काही लॅपटॉपमध्ये अडीच इंची खण आणि एम-टूची रिकामी जागा दोन्ही असतात. तसे असेल तर जुनी न काढता नवीन जोडता येते. आणि काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण मूळ पाटीवरच पक्की चिकटवलेली असते, ती बदलता येत नाही. ही खातरजमा पैसे देण्यापूर्वी करावी.

फिरणारी की न फिरणारी?

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि तिच्यावरून केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावरून एक सुई सरकते. चालू लॅपटॉप उचलून मोटारसायकलवर निघालात, धक्का बसला, की सुई तबकडीला लागते. शिवाय आजच्या मोठ्या अडीच इंची डिस्कपैकी बऱ्याचशांत माहितीच्या ओळी छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून लिहिलेल्या असतात. जागा वाचते, पण मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून लिहिण्याचे काम रेंगाळते.

एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते. साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते. फिरणारी डिस्क शंभर-सव्वाशेवर थांबते. सात-आठ वर्षांचा लॅपटॉपही एसएसडीने चपळ होतो. म्हणून लॅपटॉपच्या आत बसवायची ती एसएसडीच, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. किंमत जीबीमागे जास्त पडते, पण तेवढ्या पैशात थोडी लहान एसएसडी घेणे हे मोठी फिरणारी डिस्क घेण्यापेक्षा शहाणपणाचे.

फिरणारी डिस्क अगदीच टाकाऊ नाही. वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवलेली एसएसडी आपली माहिती विसरू शकते. म्हणून बाहेरून जोडण्याच्या नकलेसाठी फिरणारी डिस्क स्वस्त आणि सोयीची.

एक सावधगिरी. लॅपटॉपच फार जुना असेल तर आधी विचार करावा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. नवीन डिस्क घेऊन जुन्या यंत्रात अडकून पडू नये.

किती मोठी? वार आणि मीटरचा फरक

१ टीबीची डिस्क लावली की विंडोज ९३१ जीबी दाखवते. गिऱ्हाईकाला वाटते, दुकानदाराने कमी दिले. तसे नाही. डिस्कवाला हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. आपल्याला हे सहज कळावे. १००० वार कापड मीटरने मोजले तर ९१४ मीटर भरते. कापड तेवढेच, गज वेगळा. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी साडी अजून नऊवारीच आहे! योगायोग असा की जगातली पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने त्याच १९५६ साली आणली. २४ इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आज साडीचे दोन चांगले फोटो तेवढी जागा घेतात.

हिशेब असा करावा. आज भरलेली जागा, अधिक पाच वर्षांची वाढ, अधिक त्याचा चौथा हिस्सा मोकळा. आज ३०० जीबी भरले आहेत, वर्षाला ६० वाढतात, तर पाच वर्षांत ६००. चौथा हिस्सा १५० धरून ७५०. म्हणजे १ टीबी पुरे. २ टीबी घेऊन पैसे अडकवण्याचे कारण नाही. जुन्या पद्धतीच्या यंत्रांना २ टीबीच्या पुढच्या डिस्कवरून सुरू होता येत नाही, हेही ध्यानात असावे.

मोकळा हिस्सा का? एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते. दुसरे कारण कायद्याचे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. २०२३-२४ ची ती तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाचे दप्तर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवे. अपील-चौकशी चालू असेल तर त्याहून पुढेही.

खोटा माल ओळखा

'१६ टीबी' लिहिलेली छोटी डिस्क किरकोळ दामात विकायला येते. तिच्यात बहुधा एक साधे मेमरी कार्ड असते आणि आकडा खोटा दाखवण्याची व्यवस्था केलेली असते. ती भरेपर्यंत कळत नाही. पुढचे लिहिलेले गडप होते. पक्के बिल आणि वॉरंटी घ्यावी, आणि नवीन डिस्क आली की एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रामने तिची पूर्ण जागा तपासावी. थान घरी आणल्यावर आपण एकदा उलगडून मोजतोच ना?

बदलताना आणि बदलल्यावर

डिस्क काढण्यापूर्वी हिशेबाची वेगळी नक्कल घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. नुसती 'नक्कल झाली' या शब्दावर विसंबू नये. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असू शकते. त्याची किल्ली, म्हणजे ४८ आकडी क्रमांक, आधी कागदावर उतरवून ठेवावा. यूएसबीच्या केसिंगमध्ये नवीन डिस्क घालून जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवता येते. मग अदलाबदल.

जुनी डिस्क धडधाकट असेल तर तीच केसिंगमध्ये घालून नकलेसाठी वापरावी. आजारी असेल तर तिच्यावर भरवसा नको, आणि तशीच भंगारातही देऊ नये. तिच्यात गिऱ्हाईकांची नावे, बाकी, बँकेचे कागद असतात. ती लोकांची अमानत आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. मोठी डिस्क म्हणजे सुरक्षित डिस्क नव्हे. पाचशेच्या जागी हजार जीबी एकाच डब्यात ठेवले, तर बुडाली की दुप्पट बुडते. म्हणून पैशाचे दोन भाग करावेत. एका भागात आतली एसएसडी, दुसऱ्या भागात बाहेरची डिस्क. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात. एक लॅपटॉपमध्ये, एक दुकानाच्या कपाटात, एक दुसऱ्या घरी. आमची तिसरी प्रत आता दर जुम्याला भावाच्या घरी जाते. रोजची उधारी दुकान बंद करताना पेनड्राइव्हवरही उतरते. पाच मिनिटांचे काम.

जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लिहिण्याच्या कामाबद्दल आहे, हे आम्हाला शेजारच्या गुरुजींनी सांगितले. त्यात सांगितले आहे की पानाच्या भोवती जागा सोडून मध्येच लिहावे, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडत नाही. आम्ही उर्दू शाळेत तख्तीवर कलम चालवायला शिकलो, तेव्हा उस्तादही हाशिया सोडल्याशिवाय लिहू देत नसत. मराठीत त्याच मोकळ्या जागेला समास म्हणतात. डिस्कमध्ये चौथा हिस्सा मोकळा आणि घरात दुसरी प्रत, हा आजच्या वहीचा हाशिया. आम्ही तो सोडला नव्हता, म्हणून अकरा दिवसांची अक्षरे गेली. तुम्ही आज संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी तो सोडा.