पोटातलं पॉलिस्टर

भिवंडीच्या यंत्रमागांवर जे पॉलिस्टर विणलं जातं, त्याच जातीच्या धाग्याची नळी माणसाच्या पोटात महाधमनीच्या जागी बसवता येते आणि ती वर्षानुवर्षं रक्त वाहून नेते. १९५० च्या दशकात ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डिबेकी नायलॉन आणायला दुकानात गेले. ते संपलं होतं, म्हणून त्यांनी डेक्रॉन घेतलं आणि घरच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. डेक्रॉन म्हणजे पॉलिस्टरच. फुगलेल्या महाधमनीवर आजही हाच धागा उपयोगी पडतो.

पण या नळीला, म्हणजे ग्राफ्टला, एक शेजार असतो. जठरानंतर सुरू होणाऱ्या लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्याचा, म्हणजे ड्युओडेनमचा, तिसरा भाग महाधमनीवरूनच आडवा जातो आणि तो मागे घट्ट बांधलेला असल्यामुळे बाजूला सरकू शकत नाही. ग्राफ्टचा ठोका दिवसाला साधारण लाखभर वेळा त्याला लागतो. मध्ये ऊतींचा जाड पडदा नसेल किंवा ग्राफ्टला जंतुसंसर्ग झाला असेल, तर आतड्याची भिंत झिजत जाते आणि एक दिवस धमनी आणि आतडं यांच्यात वाट पडते. हाच फिस्टुला. शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांत जेमतेम एखाद-दुसऱ्याला तो होतो, कधी दहा वर्षांनीही. ब्रिटिश सर्जन रसेल ब्रॉक यांनी १९५३ मध्येच असा रुग्ण नोंदवला होता.

सगळ्यात विलक्षण आहे ते पहिल्या रक्तस्रावाचं वागणं. थोडी रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शौच होते, आणि मग सगळं थांबतं. रक्तदाब उतरतो, आतडं आकसतं, छिद्रावर गुठळी बसते. ही उसंत काही तासांची असते, कधी काही दिवसांची. पुढचा रक्तस्राव मात्र जीवघेणा असतो. निदान करायचं ते या उसंतीतच.

भिवंडीजवळच्या खारबावमधल्या एखाद्या घरात आजोबांना असं झालं, तर आधी पित्त आणि अल्सरच आठवणार, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागापर्यंतच जाते. तिथे लहानसा अल्सर दिसला की सगळ्यांना हायसं वाटतं, आणि मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याच क्षणाची. पोटावरचा उभा व्रण पाहून ‘ऑपरेशन कसलं झालं होतं?’ असं कुणी विचारलं, तर तपासाची दिशाच बदलते. म्हणून ठाण्या-मुंबईला नेताना जुनी फाईल सोबत हवीच.

मग लांब दुर्बीण आणखी पुढे नेतात. क्वचित गुलाबी अस्तरातून पित्ताने पिवळटलेली कापडाची वीणच समोर दिसते! तिथली गुठळी मात्र कुणी हलवायची नसते. रुग्ण स्थिर असेल तर बहुधा आधी सीटी अँजिओग्राफी करतात. ग्राफ्टभोवती हवेचे बुडबुडे शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे दिसू शकतात; वर्षांनंतर दिसले तर संसर्गाचा किंवा फिस्टुलाचा दाट संशय येतो. आतडं आणि ग्राफ्ट यांच्यामधला चरबीचा थर नाहीसा झालेला असतो. सीटीसाठी शिरेतून दिलेलं रंगद्रव्य आतड्यात झिरपताना मात्र क्वचितच सापडतं, कारण तेव्हा रक्त थांबलेलं असतं.

तपासण्या स्वच्छ आल्या, तरी संशय फिटतोच असं नाही. अशा वेळी सर्जन पोट उघडूनच पाहतात. फिस्टुला सापडला तर आतड्याचं छिद्र शिवतात, संसर्ग झालेला ग्राफ्ट काढतात आणि पायांकडे रक्त नेण्यासाठी नवी वाट करून देतात, कधी रुग्णाच्याच मांडीतल्या शिरेची, तर कधी काखेपासून जांघेपर्यंत कातडीखालून नेलेल्या नव्या नळीची.